नाशिक शहरातील आदिवासी युवक-युवतींचे सांस्कृतिक मेळावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी किंवा मजुरीसाठी नाशिकला आलेले आदिवासी तरुण-तरुणी स्वतःहून ज्या मासिक बैठका, सणांचे कार्यक्रम आणि ९ ऑगस्टची मिरवणूक भरवतात, त्यांविषयी आम्हा आयोजकांकडे वर्षभर प्रश्न येत असतात. काही प्रश्न वसतिगृहात नव्याने दाखल झालेल्या मुलामुलींचे असतात, काही गावाकडच्या पालकांचे, तर काही बिगर-आदिवासी मित्रांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, उत्तरांसह दिले आहेत.

१. हे मेळावे म्हणजे नेमके काय आणि ते कोण भरवते?

मेळाव्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, वीस-पंचवीस जणांची बैठक. तिच्यात गाणी म्हटली जातात, बोलीतून गप्पा होतात, कोणाच्या प्रवेशाची, शिष्यवृत्तीची किंवा खोलीची अडचण असेल तर ती मांडली जाते. दुसरा प्रकार मोठ्या कार्यक्रमांचा आहे. जागतिक आदिवासी दिन, १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती, होळी आणि वाघबारस (वाघदेवाच्या पूजेचा सण) हे त्यांतले ठरलेले प्रसंग. आयोजनाची जबाबदारी महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला लागलेले तरुण घेतात, तर जाणत्या मंडळींना सल्ल्यासाठी बोलावले जाते. मोठा कार्यक्रम सर्वांच्या नजरेत भरत असला, तरी माणसे एकमेकांना धरून राहतात ती मासिक बैठकीमुळे, असे आमचे ठाम मत आहे.

२. सण तर गावाला होतातच. मग नाशिक शहरात वेगळे मेळावे कशासाठी?

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे २५.६ टक्के आहे. राज्यात ते सुमारे ९.४ टक्के आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, बागलाण या तालुक्यांतून तरुण शहरात येतात. कोणी वसतिगृहात राहून शिकते, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी काम करते, तर अनेक कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामाला असतात. आदिवासी विकास आयुक्तालय आणि आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय ही दोन्ही कार्यालये नाशिकमध्येच आहेत, त्यामुळे कागदपत्रांच्या कामासाठीही राज्यभरातून लोक येथे येतात.

इतकी माणसे शहरात असूनही ती एकमेकांना दिसत नाहीत. गावात सण आला की पाड्यावरची सगळी माणसे आपोआप एकत्र येतात, शहरात मात्र त्यासाठी कोणीतरी जागा धरावी लागते, निरोप द्यावे लागतात. वसतिगृहातला एखादा मुलगा आईशी फोनवर कोकणा बोलीत बोलायचे असले की गच्चीवर जातो, कारण खोलीतल्या मुलांनी ते बोलणे ऐकावे असे त्याला वाटत नाही. त्याच मुलाला महिन्यातून एकदा मोठ्याने तीच बोली बोलता यावी, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हे मेळावे आवश्यक आहेत.

३. ९ ऑगस्ट हाच दिवस का?

संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी लोकसमूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ मध्ये ९ ऑगस्ट रोजी झाली होती. त्या स्मरणार्थ डिसेंबर १९९४ मध्ये आमसभेने हा दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून जाहीर केला. पुढे १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी लोकसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. १९४२ च्या आंदोलनामुळे आपल्याकडे हाच दिवस क्रांतिदिन म्हणूनही पाळला जातो, आणि आमच्या कार्यक्रमात दोन्हींचे स्मरण असते. आदिवासींचा इंग्रजांविरुद्धचा लढा त्याहून कितीतरी जुना आहे. सिन्नर तालुक्यातल्या नांदूर-शिंगोटे परिसरात भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी १८५७ मध्ये शस्त्र उचलले, तर त्याआधी महादेव कोळ्यांचे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. नाशिकच्या मुलांना बिरसा मुंडा ठाऊक असतात आणि भागोजी नाईक ठाऊक नसतात, म्हणून दरवर्षी भागोजी नाईक आणि राघोजी भांगरे यांच्यावर कोणीतरी बोलावे असा आमचा आग्रह असतो.

४. मी कोकणा आहे, माझी मैत्रीण वारली आहे आणि वर्गातला मित्र महादेव कोळी. एकाच मेळाव्यात नेमकी कोणाची संस्कृती साजरी होते?

ज्याची त्याची. नाशिक परिसरात कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल, ठाकूर, कातकरी अशा अनेक जमाती आहेत. त्यांची दैवते, लग्नविधी, गाणी आणि बोली यांत साम्य आहे तसे ठळक फरकही आहेत. सर्वांचे मिळून एकच ‘आदिवासी नृत्य’ बसवले की शेवटी कोणाचेच काही उरत नाही. म्हणून प्रत्येक सादरीकरणापूर्वी जमात, गाव आणि प्रसंग सांगण्याची पद्धत ठेवली आहे. हे गाणे अमुक गावच्या वारल्यांचे आहे, ते लग्नात चौक लिहिताना, म्हणजे भिंतीवर लग्नाचे चित्र काढताना, म्हणतात, इतके सांगितले तरी पुरते.

एका गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष देतो. शहरात कोकणा आणि महादेव कोळी मुलांची संख्या अधिक दिसते, त्यामुळे सूत्रसंचालनापासून जेवणाच्या बेतापर्यंत सारे त्यांच्याच हाती जाण्याचा धोका असतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे आणि वीटभट्टीवर किंवा शेतमजुरीवर असलेल्या कातकरी कुटुंबांतील मुले महाविद्यालयापर्यंत फार कमी पोहोचतात. ती बैठकीला आली नाहीत तर ‘येत नाहीत’ म्हणून विषय सोडू नये. त्यांच्या वस्तीवर जाऊन बैठक घ्यावी.

५. मला माझी बोली समजते, पण बोलता येत नाही. मी आलो तर हसतील का?

कोणी हसणार नाही. आश्रमशाळेत पहिलीपासून प्रमाण मराठी आणि घरी बोली, असे दोन्हीकडे अर्धेमुर्धे शिकलेले अनेक जण बैठकीला असतात. ज्यांचा जन्मच नाशिकमध्ये झाला, त्यांच्यापैकी काहींना बोली कानावरूनही गेलेली नसते. बैठकीचा पहिला अर्धा तास ज्याने त्याने आपल्या बोलीतच बोलावे आणि अडल्यास मराठीचा आधार घ्यावा, असा प्रघात आहे. कोकणा, वारली आणि डांगी बोलणाऱ्यांना एकमेकांचे बरेचसे समजते, आणि न समजलेला शब्द विचारण्यातूनच ओळखी वाढतात.

६. पारंपरिक पोशाख घातलाच पाहिजे का? मिरवणुकीत पाने आणि पिसे लावलेली मुले दिसतात, ते खरे आहे का?

पोशाखाची सक्ती नाही. कंपनीतून पाळी संपवून गणवेशातच आलेला मुलगाही तितकाच आपला आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी आजीचे लुगडे, फडकी, चांदीचे दागिने, आजोबांची कोपरी आणि फेटा यांपैकी घरात जे असेल ते आणावे आणि ते कसे नेसतात हे घरातूनच शिकून यावे.

पानांचे घागरे, कवट्या आणि चेहऱ्यावरचे चट्टेपट्टे यांबद्दल मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. हा वेश आपल्याकडच्या कोणत्याही जमातीचा नाही. चित्रपटांनी आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांनी तो आपल्यावर लादला आहे. बोहाडा या सोंगांच्या गावउत्सवातले मुखवटे ही वेगळी गोष्ट आहे. त्यांना गावाची परंपरा, ठरलेली सोंगे आणि मान आहे, म्हणून तेही केवळ शोभेसाठी मिरवणुकीत आणू नयेत.

७. डोंगऱ्यादेवाची गाणी किंवा तारपा नाच शहरातल्या मंचावर करावा का? घरचे म्हणतात, हे असे कधीही करायचे नसते.

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो आणि घरच्यांचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही. डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात होतो. त्यात बसलेल्या माऊल्या, म्हणजे व्रत धरणारे, अनेक दिवस उपवास आणि सोवळे पाळतात, अनवाणी राहतात, रात्र रात्र पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर फेर धरतात आणि पौर्णिमेला गडावर जातात. हे व्रत आहे. त्यातली गाणी ऑगस्टमध्ये, चपला घालून, टाळ्यांसाठी म्हणणे अनेक ज्येष्ठांना मनापासून खुपते, आणि त्यांना खुपते एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटते. म्हणून ही गाणी मेळाव्यात सादर होत नाहीत. ज्यांना ती ऐकायची आहेत त्यांनी मार्गशीर्षात गावी जावे आणि तेथील नियम पाळून फेरात उभे राहावे.

तारपा हेही फुंकून वाजवायचे वाद्य, पण त्याचे उत्तर इतके सरळ नाही. अनेक वारली गावांत तारपा नवे धान्य येऊ लागले की वाजतो आणि पेरणी आणि आवणी म्हणजे भातलावणी यांच्या काळात बाजूला ठेवलेला असतो. ९ ऑगस्टला शेतात आवणी चाललेली असते किंवा नुकतीच उरकलेली असते, म्हणजे जगभर आपला दिवस साजरा होत असताना गावचा तारपा मात्र गप्प असतो. काही तरुण म्हणतात की शहरात शेत नाही, मग बंधन कसले? काही म्हणतात की बंधनच सोडले तर तारपा नुसते वाद्य उरेल. आम्ही वादकाच्या गावचा रिवाज अंतिम मानतो. गावाची हरकत नसेल तर वादन होते, आणि असेल तर त्या दिवशी ढोल, सांबळ किंवा टिपऱ्यांवर कार्यक्रम होतो व तारपा नाच दिवाळीच्या आधीच्या बैठकीसाठी राखला जातो. तेव्हाही तो मंचावर रांगेने न करता मैदानात, वादकाला मध्ये ठेवून आणि त्याच्याकडे पाठ न करता, जसा गावात होतो तसाच करावा.

वाद्याला हात लावण्याविषयीही सांगायला हवे. दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मधमाशीचे मेण यांनी बनलेला तारपा उन्हात गाडीच्या टपावर ठेवला की मेण सुटते आणि सूर जातो. वादक वाजवण्यापूर्वी बोटाने मेण दाबून सांधे तपासतो, हळूच फुंकून पाहतो, पुन्हा दाबतो. त्या वेळी त्याला घाई करू नये आणि ‘जरा दोन मिनिटांत आटपा’ असे तर मुळीच म्हणू नये.

८. मुलींनी पावरी किंवा तारपा वाजवला तर चालतो का?

ही वाद्ये परंपरेने पुरुषच वाजवत आले आहेत. मुलींची शिकण्याची इच्छा आता उघडपणे पुढे येते आहे आणि ती योग्य आहे असे आम्हाला वाटते. शिकवणी वर्गात मुलींना मज्जाव नाही. विधीच्या प्रसंगी कोणी वाजवावे हा निर्णय गावाचा आहे. तारप्याचा दम अखंड ठेवावा लागतो, नाकाने श्वास घेत असताना गालात साठवलेली हवा सोडत राहावी लागते. हे कसब सरावाने येते आणि ते मुलालाही एका दिवसात जमत नाही. लग्नगीते, कणसरी या धान्यदेवतेची गाणी आणि चौक लिहिण्याची कला ज्या धवलेरींनी (लग्न लावणाऱ्या स्त्रियांनी) व सुवासिनींनी टिकवली, त्यांच्याकडून शिकायला मात्र मुलगेही बसले पाहिजेत. तशी मागणी अजून मुलींइतकी येत नाही, याची खंत वाटते.

९. डीजे लावला तर गर्दी वाढेल. तुम्ही विरोध का करता?

गर्दी वाढते हे खरे आहे. पण पावरीचा आवाज त्यात बुडतो, ज्येष्ठ स्त्रिया मागे सरकतात आणि पुढे फक्त नाचणारी मुले उरतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. वाद्यासमोर एक साधा माइक पुरतो.

१०. जेवणाची सोय कशी असते? मोहाची दारू असते का?

प्रत्येकाने घरून शिदोरी आणावी आणि एखादा पदार्थ सर्वांसाठी तेथे शिजवावा, अशी रीत आहे. नागलीची भाकरी आणि उडदाचे पिठले जवळपास नेहमी असते. पावसाळ्यात गावाहून येणारे कुर्डू, करटोली, बांबूचे कोंब आणतात. शेवळे आणणाऱ्याने ती साफ कशी करायची आणि त्यात काकडाची फळे का घालायची हे सांगूनच आणावीत, अन्यथा खाणाऱ्याच्या घशाला खाज सुटते. रानभाजी ओळखणारी माणसे कमी होत आहेत, त्यामुळे या स्वयंपाकाला आम्ही भाषणाइतकेच महत्त्व देतो.

गावच्या पूजेत देवाला धार सोडण्याची प्रथा आहे आणि तिचा आम्ही अनादर करत नाही. शहरातल्या मेळाव्यात मात्र दारू नसते. वसतिगृहातील अल्पवयीन मुले येतात आणि त्यांच्या पालकांनी आमच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

११. आमच्या घरी पंढरीची माळ आहे. शेजारचे कुटुंब ख्रिस्ती आहे. आम्हाला मेळाव्यात स्थान आहे का?

निश्चितच आहे. पेठ-सुरगाण्यात माळकरी आदिवासी घरे आहेत, ख्रिस्ती झालेली कुटुंबे आहेत, आणि हिरवा, वाघदेव, कणसरी ही पारंपरिक दैवते मानणारी घरे तर आहेतच. कायद्याच्या दृष्टीनेही अनुसूचित जमातीचे सदस्यत्व धर्मावर अवलंबून नाही. मेळाव्यात कोणाला पूजेला बसण्याची सक्ती नसते, शाकाहारी पंगत वेगळी असते आणि धर्मांतराच्या बाजूने किंवा विरोधात कोणी प्रचार करू नये हा नियम सर्वांना सारखा लागू आहे. वाघबारशीला वाघदेवाला नारळ फोडताना जो बाजूला उभा राहतो, तो नंतर नाचात सामील होतो, यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नाही.

१२. कार्यक्रमासाठी कोणत्या परवानग्या लागतात? मिरवणुकीत तिरकमठा घेता येतो का?

बंदिस्त सभागृहातील छोट्या बैठकीला जागामालकाची संमती पुरते. मैदानासाठी महानगरपालिकेची किंवा ज्या संस्थेचे मैदान असेल तिची परवानगी, मिरवणूक आणि ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी, आणि मार्गावर वाहतूक असल्यास वाहतूक शाखेची संमती घ्यावी. अर्ज लवकर द्यावा आणि पोचपावती जपून ठेवावी. सिंहस्थाच्या काळात पंचवटी-तपोवन भागातील मैदानांवर विसंबून राहू नये.

तिरकमठ्याची, म्हणजे धनुष्यबाणाची, बाब नाजूक आहे. तो आपल्या ओळखीचा भाग असला, तरी शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे, भाले, काठ्या बाळगण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी लागू असतात. आदेश लागू आहे का ते आधी विचारावे आणि प्रतीक म्हणून बिनटोकाचा तिरकमठा न्यायचा असेल तर त्याचा उल्लेख अर्जातच करावा. ऐनवेळी बंदोबस्तावरच्या शिपायाशी वाद घालून काही साध्य होत नाही, आणि गुन्हा दाखल झाला तर तो नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्या मुलाच्या आड येतो.

१३. पैसे कुठून येतात? आमदार-नगरसेवकांना बोलावता का?

वर्गणीतून. कमावणारे अधिक देतात, विद्यार्थ्यांना माफ असते. जमाखर्च पुढच्या बैठकीत वाचून दाखवला जातो. लोकप्रतिनिधी प्रेक्षक म्हणून येऊ शकतात. त्यांचे फलक लागत नाहीत.

१४. मी आदिवासी नाही. येऊ शकतो का? फोटो आणि चित्रफिती घेता येतील का?

मोठ्या कार्यक्रमांना अवश्य यावे. मासिक बैठक मात्र समाजातील तरुणांसाठी राखीव आहे, कारण तेथे वसतिगृहातला अपमान, घरची अडचण, कधी प्रेमविवाहाचा पेच असे विषय निघतात आणि ते मोकळेपणाने बोलण्यासाठी आपलीच माणसे हवी असतात.

चित्रण करण्यापूर्वी त्या त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी आणि चित्रफीत कोठे टाकणार हे सांगावे. गाणाऱ्या आजीचे नाव आणि गाव, तिची हरकत नसल्यास, सोबत द्यावे. अभ्यासासाठी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी त्याची प्रत गायिकेच्या घरी पोहोचवावी. कोणत्या गोष्टी मुळातच मंचावर येत नाहीत, यासाठी प्रश्न ७ पाहावा.

१५. मेळाव्यात भाग घेतल्याचे प्रमाणपत्र जात पडताळणीला उपयोगी पडते का?

नाही, आणि तसे प्रमाणपत्र आम्ही देत नाही. पडताळणी २००१ च्या राज्य कायद्यानुसार तपासणी समितीकडे होते आणि तेथे जुन्या कागदपत्रांना, विशेषतः ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या महसुली व शालेय नोंदींना, मोठे महत्त्व असते. अर्जदाराला रूढी, दैवते आणि बोली यांविषयी प्रश्न विचारणारी जी चाचणी घेतली जाते, ती एकमेव निर्णायक कसोटी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. शहरात वाढलेल्या मुलांना या निर्णयाचा मोठा आधार आहे. त्या चाचणीसाठी गाणी आणि देवांची नावे ‘पाठ करून द्या’ अशी विनंती कधी कधी येते. ती आम्ही नाकारतो. कागदपत्रे कोणती शोधायची याचे मार्गदर्शन मात्र बैठकीत अवश्य मिळते.

१६. नाशिक शहरात पेसा कायदा लागू होतो का?

नाही. पेसा, म्हणजे ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, अनुसूचित क्षेत्रातील गावांना लागू आहे. जिल्ह्यात पेठ, सुरगाणा आणि कळवण हे पूर्ण तालुके आणि इतर काही तालुक्यांतील गावे त्या क्षेत्रात येतात. शहरात राहणाऱ्यांनी आपले नाव गावच्या मतदारयादीत असल्यास ग्रामसभेला जरूर जावे.

१७. आम्ही सिडकोत पाच-सहा जण आहोत. आमच्याकडे वेगळी बैठक सुरू करता येईल का?

करता येईल आणि करावी, कारण सिडको किंवा सातपूरहून पेठ रोडवरच्या आमच्या बैठकीला दर वेळी येणे पाळीत काम करणाऱ्यांना जमत नाही. सुरुवातीलाच मंडळाची नोंदणी, पदाधिकारी आणि फलक यांच्या मागे लागू नये. पद आले की गट पडतात, हा बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे. एक खोली, एक ठरलेला रविवार आणि निरोप देण्याची जबाबदारी घेणारी दोन माणसे, त्यांत एक मुलगी, एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपले गाव, पाडा, कुळ आणि नाशिकला कधी व कशासाठी आलो हे सांगावे. त्यातून जवळच्या गावांचे, नात्यातले लोक नेमके कोण आहेत हे कळते आणि दुसऱ्या बैठकीला ते इतरांना घेऊन येतात. कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यास सकाळची आणि संध्याकाळची बैठक आलटून पालटून ठेवावी. पहिल्या दोन बैठकांना आमच्यापैकी कोणीतरी येऊन बसेल आणि तुम्हाला हवे असल्यास एखादा ढोल किंवा पावरी शिकवणारा सोबत आणेल.